दक्षिणेकडे वळवलेली पॅनेलं

२८ मार्च

आलो एकदाचे! वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटमधून निघालो, पस्तीस मिनिटांत डांबर संपलं, मग खडीचा रस्ता, मग एक लाकडी फाटक आणि त्याच्या आत आमचं घर. विजेचा शेवटचा खांब चार किलोमीटर मागे राहिला. तो दिसेनासा झाला तेव्हा मी गाडीतच टाळ्या वाजवल्या. समीरने आरशातून पाहिलं आणि विचारलं, मावशी, खांब गेला याचा एवढा आनंद? मी त्याला सांगितलं की बत्तीस वर्षं सबस्टेशनवर नोकरी केली, आणि त्यातली पंचवीस वर्षं गावोगावच्या व्यासपीठांवरून ओरडत आले की ज्याची वीज त्याच्या छपरावर पिकली पाहिजे. लोक टाळ्या वाजवत, घरी जात आणि बटण दाबत. बोलणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदा तरी बोललेलं करून दाखवावं की नाही? मी त्रेसष्ट वर्षांची आहे. आता नाही तर कधी?

ताई मागच्या सीटवर, मांडीवर ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर घेऊन. स्नेहलता नाव तिचं, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिची फुप्फुसं आक्रसत चालली आहेत. चोवीस तास नाकात नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला हवेतून प्राणवायू वेगळा काढणारं मशीन. समीर तिचा मुलगा. त्याच्या घरी तिला काही कमी नव्हतं, पण तो आणि सिद्धी सकाळच्या ट्रेनने वेलिंग्टनला जात, नातू शाळेत. नातवांना मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं इंग्रजीत. दिवसभर बोलायला टीव्ही. शेवटी तिनेच हट्ट धरला की मला सुनीबरोबर राहू दे.

समीरने एकच अट घातली. हिवाळाभर, जूनमधल्या सगळ्यात लहान दिवशीसुद्धा, आईचं मशीन विजेअभावी बंद पडता कामा नये. पडलं तर आई त्याच दिवशी परत. मी हात पुढे केला, त्याने तो हातात घेतला. ठरलं.

३१ मार्च

घराचा आधीचा मालक आपलाच निघाला. चंद्रशेखर राजवाडे, पुण्यात इंजिनिअरिंग कॉलेजात वीज शिकवत. नऊ वर्षं इथे राहिले. बायको इथेच वारली. आता टौरंगाला मुलीकडे असतात. अंगणातल्या लोखंडी सांगाड्यावर त्यांची आठ पॅनेलं आहेत, आणि आठही दक्षिणेकडे तोंड करून!

मी पायरीवर बसून हसले. पुण्यात सूर्य दक्षिणेला कललेला, म्हणून पॅनेल दक्षिणेकडे. हे आपल्या हाडात इतकं मुरलेलं की माणूस विषुववृत्त ओलांडून आला तरी सुटत नाही. इथे सूर्य उत्तरेकडून जातो. बिचारे नऊ वर्षं सूर्याकडे पाठ करून बसले होते. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, अगं, वीज शिकवणारा माणूस, नऊ वर्षांत एकदाही लक्षात आलं नसेल? मी म्हटलं, प्राध्यापक होते ना, त्यांना फळा दिसतो, आकाश दिसत नाही.

६ एप्रिल

लोक आधी पॅनेल विकत घेतात आणि मग विचारतात, यावर काय काय चालेल? उलटा कारभार! आधी घराची भूक मोजायची. आठवडाभर तेच केलं. ताईचं मशीन तीनशे वॅट, चोवीस तास, म्हणजे दिवसाला सव्वासात युनिट. फ्रीज पाऊण. पंप, दिवे, इंटरनेटचा डबा, इन्व्हर्टर स्वतः खातो ते, सगळं धरून साडेनऊ. स्वयंपाक गॅसवर, ऊब लाकडाच्या शेगडीची. जूनमध्ये इथे कामाचं ऊन दिवसाला जेमतेम दोन तास. म्हणजे अठरा मोठी पॅनेलं, तीन दिवस ऊन नसलं तरी पुरेल एवढी बॅटरी आणि शेवटचा आधार म्हणून पेट्रोलचा जनरेटर. जनरेटर माझ्या तत्त्वात बसत नाही. ताई बसते.

आज घरातलं एकूण एक बटण बंद केलं, ताईला सिलिंडरवर ठेवलं आणि बॅटरीवरचा मापी पाहिला. इन्व्हर्टरचे चाळीस वजा जाता अकरा वॅट कुठेतरी जात होते. जुनी वायरिंग. पाहू.

१९ एप्रिल

झालं! वायरेमु नावाचा इलेक्ट्रिशियन चार दिवस येत होता. इथे घरची जोडणी परवानाधारकाशिवाय करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आडव्या बांध्याचा माणूस, पायात थंडीतही जँडल्स, म्हणजे रबरी चपला. रोज फाटकातूनच किया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, अशी आरोळी. मी प्रत्येक जोड तपासते म्हणून त्याने मला बॉस म्हणायला सुरुवात केली. मी होकायंत्र काढलं तर म्हणाला, बॉस, काट्यावर विश्वास नको, इथे काटा खऱ्या उत्तरेपासून बावीस अंश सरकलेला. मला ठाऊक होतं, पण त्याला ठाऊक आहे हे पाहून बरं वाटलं. पॅनेलं बरोबर उत्तरेकडे, हिवाळ्याच्या खाली उतरलेल्या सूर्यासाठी चांगली उभी. राजवाड्यांची आठ काढून शेडमध्ये ठेवली.

दुपारी एक वाजता ताईचं मशीन सूर्यावर चालू झालं. मी अंगणात उभी राहून दहा मिनिटं बोलले. पारतंत्र्य तारेतून येतं, वगैरे. वायरेमुला एक अक्षर कळलं नाही, तरी त्याने टाळ्या वाजवल्या. ताई खिडकीतून ओरडली, भाषण संपलं असेल तर चहा टाक.

२७ एप्रिल

अकराचे शेहेचाळीस झाले आहेत.

ऊन छान आहे, बॅटरी दुपारीच भरते, त्यामुळे फरक काही पडत नाही. पण हिशेबात नसलेले शेहेचाळीस वॅट मला झोपू देणारे नाहीत. कोणीतरी वापरतं, म्हणून जातात. विजेला दुसरं कारण नसतं.

ताईच्या खोलीत जाऊन पाहिलं. पांघरुणाखाली हात घातला. तिने विचारलं, सुनी, काय शोधतेयस? विजेची शेकपिशवी, मी म्हटलं. तुला थंडी सोसत नाही आणि ते मला सांगायची तुला लाज वाटते. ती खोकला येईपर्यंत हसली. म्हणाली, लहानपणी लाडू चोरलेस तू आणि डबा तपासलास माझा, तो स्वभाव काही गेला नाही. शेकपिशवी सापडली नाही. तरी खोलीतला प्लग मी मोजून पाहिला.

९ मे

एकशे तीस.

शेजारी बॅरी, खालच्या वळणावर त्याची मेंढरं. त्याच्या शेडला आमच्या कुंपणाकडून पाइप येतो. पाइपात काय आहे ते कोण बघतं? सकाळी कुदळ घेऊन कुंपणालगत खणायला लागले. अर्ध्या तासाने बॅरी फेहोआची टोपलीभर हिरवी फळं घेऊन हजर! मी चिखलात गुडघ्यापर्यंत. त्याने विचारलं, बटाटे लावतेस का? मी स्पष्टच सांगितलं की वीज चोरीला जाते आहे. तो रागावला नाही. शेडचं दार उघडून दाखवलं. पाइपात पाणीच होतं. मग म्हणाला, तो आधीचा प्रोफेसर भला माणूस होता, पण विचित्र. एवढं घर आणि स्वतः मेणबत्ती लावून बसायचा. मी माझी चार जुनी पॅनेलं फुकट देऊ केली, तर हात जोडून नको म्हणाला.

फेहोआ गोड आहेत. बॅरीवरचा संशय पूर्ण गेलेला नाही.

१७ मे

आज एक गोष्ट दिसली. जशी दिसली तशी लिहिते.

मापीच्या पडद्यावर आकडा दर काही सेकंदांनी बदलतो. या अनोळखी वापराचा आलेख काढला. तो सरळ नाही. हळूहळू चढतो, थांबतो, उतरतो. परत चढतो. घड्याळ लावलं. मिनिटाला सोळा वेळा. पंप असा चालत नाही. फ्रीज असा चालत नाही.

मग क्लॅम्प मीटर घेऊन एकेक तार चिमट्यात धरत गेले. सगळ्या घरात एकच तार वाहती सापडली, अर्थिंगची. भिंतीतून उतरून तांब्याच्या कांबीला जोडलेली, आणि कांब जमिनीत. जमिनीत वीज जाते आहे. गळती म्हणावी तर सुरक्षा स्विच पडायला हवा. पडत नाही.

वायरेमुला बोलावलं. त्याने तास-दीड तास घेतला, सगळं उघडून पाहिलं. त्याच्या मीटरवर शून्य. माझ्याही मीटरवर शून्य! म्हणाला, बॉस, तुझा मापी खराब आहे, बाकी सगळं स्वीट अ‍ॅज, म्हणजे झकास. त्याची गाडी फाटकाबाहेर गेली आणि पडद्यावर एकशे नव्वद.

कोणीतरी आहे, ज्याला बाहेरचा माणूस आल्याचं कळतं. असं कोणाला कळू शकतं? इन्व्हर्टर इंटरनेटला जोडलेला आहे. दुरून फोनवरून तो चालवता येतो. पासवर्ड दोघांकडे आहे. माझ्याकडे आणि ज्याने इंटरनेट जोडून दिलं त्या समीरकडे.

२४ मे

समीर आला होता. ताईसाठी खिचडीचे डबे, माझ्यासाठी नवे हातमोजे. जेवण झाल्यावर मी विचारलं. तुला आई परत हवी आहे. मी हरले की ती परत येते. तू आकड्यांशी खेळतोयस का?

तो आधी हसला. मग त्याला कळलं की मी चेष्टा करत नाही. म्हणाला, मावशी, मी माझ्याच आईच्या ऑक्सिजनशी खेळेन? मी मागे हटले नाही. मागे हटायची सवय मला नाही, पंचवीस वर्षं व्यासपीठावर ती लागलीच नाही. मी बोलत गेले. प्रेमाच्या नावाखाली मुलं म्हाताऱ्यांना कसं कोंडतात, सोयीला काळजी कसं म्हणतात. चांगलं बोलले. फार चांगलं बोलले. त्याने ताईच्या पायांना हात लावला आणि मोजे घालायच्या आधीच बाहेर पडला.

संध्याकाळी ताई एवढंच म्हणाली, तुला समोर माणूस दिसत नाही सुनी, श्रोते दिसतात.

३१ मे

पासवर्ड बदलला. इंटरनेटचा डबाच काढून ठेवला. दुरून कोणी हात लावायला वाटच नाही.

दोनशे ऐंशी.

म्हणजे समीर नव्हता.

त्याला फोन केला. उचलला नाही. सिद्धीने मेसेज केला की तो दुखावलाय, वेळ द्या.

अर्थिंगची तार कापली. दोन टोकांमध्ये वीतभर मोकळी हवा. मशीनच्या सुरक्षिततेसाठी हे चूक आहे हे मला कळतं, पाच मिनिटांसाठीच केलं. आकडा हलला नाही. परत जोडली.

३ जून

फाटकाशी उभं राहिलं की मोबाइलला रेंज येते. तिथून टौरंगाला राजवाड्यांना फोन केला. ओळख सांगितली आणि विचारलं, सर, पॅनेलं दक्षिणेकडे का होती?

ते म्हणाले, होती म्हणजे? मी सांगितलं, मी ती काढली, नवी उत्तरेकडे लावली. त्यांनी विचारलं, किती? अठरा. ते म्हणाले, बाई, मी तीस वर्षं पोरांना वीज शिकवली, मला उत्तर कुठे आहे ते कळत नव्हतं असं वाटलं तुम्हाला?

हो. तेच वाटलं होतं. आपल्याकडचा माणूस ही चूक करणारच, असं मी धरून चालले. दुसरं काही असेल हे मनातही आलं नाही.

त्यांनी जे सांगितलं ते लिहिताना मला राग येतोय. त्यांनीही आधी पॅनेलं उत्तरेकडेच लावली होती. त्यांचाही आकडा वाढत गेला. जेवढं ऊन, तेवढी त्याची भूक. ‘त्याची’. हा शब्द त्यांचा. मग एका जुलैत सात दिवस आकाश उघडलं नाही, बॅटरी रिकामी झाली, आणि आकडा तरीही उतरला नाही. सुलभाबाई, त्यांची पत्नी, त्या सात दिवसांत वाळत गेल्या. डॉक्टर हृदय म्हणाले. नंतर त्यांनी पॅनेलं दक्षिणेकडे फिरवली. तिकडे ऊन नाही, नुसता उजेड. रोज थोडा, रोज जवळपास सारखा. भूक वाढत नाही आणि उपासही पडत नाही. एकदम तोडू नका, म्हणाले, हळूहळू कमी करा. महिने लागतील.

मी त्यांना सोडलं नाही. तुमच्यासारखी शिकलेली माणसं दुःखाला भूत म्हणतात आणि अडाण्यांना नावं ठेवतात, असं सुनावलं. शेवटी ते म्हणाले, घरात अजून कोण आहे?

मी फोन ठेवला.

९ जून

चारशे दहा. मी काही मानत नाही. तरी चार पॅनेलं झाकली. शेडमधली ताडपत्री होतीच, वाया जाऊ नये म्हणून.

ताईचे श्वास मोजले. मिनिटाला बावीस.

आलेख मोजला. बावीस. मागच्या महिन्यात सोळा होता.

समीरला मेसेज लिहिला, आईला घेऊन जा. पाठवण्याआधी ताईला विचारलं. ती म्हणाली, तुमच्या भांडणात मला चेंडू करू नका, मी कुठेही जाणार नाही. मेसेज पुसला. पुसायला नको होता.

१३ जून

दक्षिणेचं वादळ. दोन दिवस सूर्य नाही. बॅटरी साठ टक्के, तीही जनरेटरच्या जोरावर. ताडपत्री वाऱ्याने नेली, तसंही ऊन कुठे आहे!

माझा हिशेब तीन दिवसांचा होता. दिवसाला साडेनऊ युनिट धरून. आता जातात तेवीस.

गारांमध्ये बाहेर जाऊन राजवाड्यांना फोन लावला. मुलीने घेतला. बाबा बोलणार नाहीत, ते रात्रभर रडले, म्हणाली.

१६ जून, सकाळी ७

जनरेटर काल संध्याकाळी थांबला, पेट्रोल संपलं. बॅटरी अकरा टक्के. आणायला निघाले तर खालच्या वळणाआधी डोंगर रस्त्यावर आलाय. बॅरीचं घर त्याच्या पलीकडे.

फाटकावरून १११ या आणीबाणीच्या नंबरला फोन केला. वाऱ्यात हेलिकॉप्टर उडत नाही. वारा पडला की येतो. तोवर सिलिंडर वापरा म्हणाले. मोठा सिलिंडर, तेरा तास. छोटे दोन.

समीरला फोन केला. पहिल्या घंटेला उचलला. मी म्हटलं, रस्ता बंद आहे. तो म्हणाला, चालत येतो. भांडणाबद्दल एक शब्द नाही.

१६ जून, सकाळी ११

समीर दरडीच्या पलीकडे पोचला आहे. बचाव पथक त्याला सोडत नाही. दुपारपर्यंत वाट करतो म्हणाले.

बॅटरी दोन टक्के. तो सहाशे घेतो आहे. मशीन तीनशे. उरलेलं सगळं तोच पिणार.

‘तो’ लिहिलं. खोडत नाही.

पण अजून निर्णय माझा आहे. ताईला सिलिंडरवर घेतलं. मेन स्विच पाडणार. पाना घेऊन बॅटरीची दोन्ही टोकं सोडणार. उपाशी मरू दे.

११.४०

सोडली. घर गप्प. मशीनची घरघर नाही. पडद्याला स्वतःचा सेल आहे, तो चालू. शून्य.

शून्य!

ताईला सांगितलं, जिंकलो. तिने अंगठा वर केला.

१२.०५

सत्त्याण्णव.

तारा हवेत लोंबताहेत. मी हाताने चाचपल्या. कुठेही जोड नाही. सत्त्याण्णव वॅट.

पुरवठा कुठून?

१२.२०

बसून राहिलेल्या माणसाच्या अंगातून साधारण शंभर वॅट उष्णता निघते. कोणत्याही पुस्तकात आहे. घरात माणसं दोन—

ताईचं बोट ऑक्सिमीटरमध्ये घातलं. नव्वद असतं. चौऱ्याऐंशी. सिलिंडर पुरेसा उघडा आहे. नळी नीट आहे. तरी चौऱ्याऐंशी. हात बर्फ.

१२.४०

पाठीवर घेऊन बाहेर न्यायचा प्रयत्न केला. पायरीपर्यंत. मला उचलवत नाही. गारा. परत आत आणलं. शेगडीजवळ.

एकोणऐंशी. ताई म्हणते, सुनी, झोप येते. मी म्हटलं, बोलत राहा. काय बोलू म्हणाली, बोलणारी तू.

बॅटरी परत जोडली. दोन टक्के तशीच पडून. त्याला ती नको आता.

१.०५

विचार कर. नीट विचार कर. दोन पुरवठे एकाच तारेवर असले की ज्याचा दाब जास्त त्याच्यातून जास्त जातं. दुसऱ्यावरचा भार उतरतो. यात भूत नाही. हे मी सबस्टेशनवरच्या नव्या पोरांना शिकवलंय.

तो अर्थिंगच्या तारेतून पितो, तार कापली तरी वाट तीच. मग ताईच्या जोडीला मी.

१.१५

अर्थिंगची तांब्याची तार धरली आहे. डाव्या हाताने. भिंतीच्या आतल्या बाजूला तार उघडी केली. ताई समोर. वही मांडीवर.

झटका नाही. नुसतं थंड. खांद्यापर्यंत.

ताई एक्क्याऐंशी.

१.३०

ताई शहाऐंशी. ओठ गुलाबी.

आकडा सत्त्याण्णव. तेवढाच. फक्त आता—

माझं बोट घातलं नाही. बघायचं नाही.

१.५०

ताई एक्क्याण्णव. झोपली आहे. सरळ, शांत श्वास. आलेखाकडे बघत होते. बावीस नाही. मोजला. माझे मोजले.

सारखे.

आकडा एकशे तीस. भूक वाढली.

हात सोडून पाहिला, दोन सेकंद. ताई लगेच अठ्ठ्याऐंशी. परत धरला.

२.१०

वारा पडला. फाटक वाजलं. समीर. आई, आई अशी हाक. ओरडायला गेले. आवाज फुटत नाही. लिहिते. लिहिलेलं वाच समीर.

आधी आईला ने. फाटकाबाहेर. सिलिंडर घेऊन. तिकडे तो पोचत नाही, राजवाडे बाहेर पडले म्हणूनच तर— माहीत नाही. पण ने. ती बाहेर गेली की मी हात सोडते. आधी नाही.

तुझ्यावर संशय घेतला. चूक माझी.

पायरीवर पावलं. तू आत येशील आणि मला बघशील. तारेला चिकटलेली. शॉक बसलाय समजशील. मला ओढशील. तू तसाच आहेस, आधी ओढशील, मग विचारशील. नको. मला हात लावलास की तू तारेवर. तुझं वय बेचाळीस. आमच्या दोघींपेक्षा तुझा दाब— तो मला सोडेल, ताईला सोडेल, तुला—

दार उघडलं. वही उचलून दाखवते आहे. तो वहीकडे बघत नाही. हाताकडे बघतो आहे. समीर नको आधी आई आधी आईला हात ला